इंग्रजीत तीव्र नावड व्यक्त करणारे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत लिहिण्याची वेळ आलेले विद्यार्थी, अनुवादक आणि कार्यालयीन पत्रव्यवहार सांभाळणारे वाचक यांच्यासाठी हे पान तयार केले आहे. 'हेट', 'डिटेस्ट', 'लोद', 'अब्हॉर', 'डिस्पाइज', 'रिझेंट' या शब्दांबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे उदाहरणांसह दिली आहेत. इंग्रजी शब्द शक्यतो उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले आहेत.

हे सगळे शब्द 'हेट'चेच समानार्थी आहेत ना? मग त्यांत फरक काय करायचा?

मार्गदर्शक पुस्तकांत हे शब्द एकाखाली एक लिहिलेले असतात आणि बहुतेक वेळा ते तीव्रतेच्या चढत्या क्रमाने मांडलेले असतात: आधी 'डिसलाइक', मग 'हेट', मग 'डिटेस्ट', मग 'लोद' आणि सर्वांत वर 'अब्हॉर'. ही मांडणी पाठ करायला सोपी आहे, परंतु लिहायला बसल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण या शब्दांमधला खरा फरक नावड किती आहे यापेक्षा ती कशामुळे आली आहे यात आहे. एखाद्या गोष्टीने अंगावर शहारा येतो, एखादी गोष्ट जिभेला आणि नाकाला सोसत नाही, एखादा माणूस आपल्या नजरेतून उतरलेला असतो, तर एखाद्याने आपल्यावर अन्याय केल्याची बोच मनात राहिलेली असते. या चार अवस्थांसाठी इंग्रजीत चार वेगळे शब्द आहेत आणि एकाच्या जागी दुसरा बसवला की वाक्याचा अर्थच बदलतो.

एक उदाहरण घेऊ. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना पाठवायच्या तक्रारअर्जात एका सभासदाने लिहिले, 'आय डिस्पाइज द लिफ्ट'. लिफ्ट वारंवार बंद पडते याचा संताप त्यांना व्यक्त करायचा होता. पण 'डिस्पाइज' म्हणजे एखाद्याला हलक्या प्रतीचा समजून तुच्छ लेखणे, आणि बंद पडणाऱ्या लिफ्टला असा कमीपणा चिकटत नाही. 'आय हेट युझिंग द लिफ्ट' एवढे पुरेसे होते. त्याच अर्जात पुढे 'आय रिझेंट पेइंग फॉर इट' असे लिहिले असते, तर 'सेवा मिळत नाही आणि पैसे मात्र भरावे लागतात, हे अन्यायाचे आहे' हा त्यांच्या मनातला नेमका मुद्दा तीन-चार शब्दांत सचिवांपर्यंत पोहोचला असता.

'हेट' हा शब्द फार कठोर आहे का? मुले तर तो सर्रास वापरतात.

'हेट' हा अस्सल जुन्या इंग्रजीतला शब्द आहे, लॅटिन किंवा फ्रेंचमधून आलेला नाही. जर्मन भाषेतील 'हासेन' हे क्रियापद त्याचेच भावंड आहे. घरगुती बोलण्यात रुळलेला असल्यामुळे तो अगदी हलक्या कारणासाठीही वापरला जातो आणि अत्यंत गंभीर कारणासाठीही. 'आय हेट कारलं' आणि 'दे हेटेड ईच अदर' या दोन वाक्यांत शब्द एकच असला तरी वजन सारखे नाही, आणि ते ठरते कर्मावरून. कर्म वस्तू किंवा काम असेल तर 'हेट' सौम्य होतो आणि मराठीत त्याला 'मला मुळीच आवडत नाही' किंवा 'नकोसे वाटते' एवढेच म्हणावे लागते. कर्म माणूस किंवा समाज असेल तर तो द्वेषापर्यंत जातो. म्हणून माणसांबद्दल लिहिताना हा शब्द जपून वापरावा.

शिष्टाचारातही त्याचा एक वापर आहे. 'आय हेट टू बॉदर यू, बट' अशी सुरुवात करणाऱ्याला कोणाचाही तिटकारा नसतो. 'आपल्याला त्रास देणे मला बरे वाटत नाही, पण' असे ते संकोचाचे बोलणे आहे.

'डिसलाइक'च्या जागी 'अनलाइक' चालते का?

चालत नाही. 'अनलाइक' म्हणजे 'च्यासारखा नसलेला' किंवा 'च्या उलट'. समाजमाध्यमांवर आधी दिलेली पसंती काढून घेण्याला 'अनलाइक करणे' म्हणतात, पण तेथेही पसंती रद्द होते, नापसंती नोंदवली जात नाही.

'डिटेस्ट', 'लोद' आणि 'अब्हॉर' यांत नेमका भेद कोणता?

येथे शब्दांचे मूळ पाहिल्याने खरोखर मदत होते, कारण मुळातली प्रतिमा आजच्या वापरातही टिकून आहे.

'डिटेस्ट' लॅटिनमधून आला. त्यात 'साक्षीदार' या अर्थाचे 'टेस्टिस' हे पद आहे, आणि मूळ क्रियापदाचा अर्थ देवाला साक्षी ठेवून शाप देणे असा होता. आज शाप राहिलेला नाही, पण ठामपणे आणि उघडपणे नापसंती जाहीर करण्याचा भाव शिल्लक आहे. 'आय डिटेस्ट फ्लॅटरी' असे म्हणणारा माणूस खुशामतीबद्दलचे आपले मत बोलून दाखवत असतो.

'लोद' हा 'हेट'प्रमाणेच जुन्या इंग्रजीतला आहे. त्यात शरीराची प्रतिक्रिया अधिक आहे. वास, स्पर्श, दर्शन नकोसे होणे, जवळ गेले की मन मागे सरणे, हे त्याच्या पोटात आहे. मराठीत 'शिसारी' आणि 'तिटकारा' हे शब्द त्याच्या सर्वांत जवळचे. स्वतःबद्दल वाटणाऱ्या खोल तिटकाऱ्यासाठी इंग्रजीत 'सेल्फ-लोदिंग' असा जोडशब्द रूढ आहे, तेथे 'डिटेस्ट' बसत नाही.

'अब्हॉर' म्हणजे शहारून मागे हटणे. लॅटिनमधील 'हॉरेरे', म्हणजे केस ताठ उभे राहणे, हे त्याचे मूळ आणि 'हॉरर' हा शब्दही तेथूनच आला. भाषाशास्त्रज्ञ या धातूचा संबंध संस्कृतमधील 'हृष्' धातूशी जोडतात. अंगावर काटा येण्याचा अनुभव एकच असला तरी संस्कृतात त्यातून 'हर्ष' आणि 'रोमहर्ष' आले, तर लॅटिनच्या वाटेने भय आणि तिरस्कार आला, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. आजच्या इंग्रजीत 'अब्हॉर' हा शब्द मुख्यतः नैतिक विरोधासाठी वापरतात: हिंसा, वंशभेद, क्रौर्य, गुलामगिरी. 'आय अब्हॉर व्हायलन्स' हे वाक्य शोभते, पण 'आय अब्हॉर कारलं' हे वाक्य कारल्यावर नैतिक आरोप केल्यासारखे वाटते.

'नेचर अब्हॉर्स अ व्हॅक्यूम' हे प्रसिद्ध वचनही याच शब्दाचे आहे. निसर्गाला पोकळीचे वावडे आहे ही समजूत शतकानुशतके प्रचलित होती. इटलीतील तोरिचेल्ली यांनी 1640 च्या दशकात पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केल्यावर, नळीतला पारा हवेच्या दाबामुळे वर राहतो हे लक्षात येऊ लागले. विज्ञानाने समजूत मागे टाकली, तरी वचन भाषेत राहिले आणि आज ते राजकारणातील रिकाम्या जागेबद्दलही वापरले जाते.

लिहिताना एक काळजी घ्यावी. 'अब्हॉर'चा आघात दुसऱ्या अक्षरावर असल्यामुळे भूतकाळी रूपात आणि 'अब्हॉरंट' या विशेषणात शेवटचा 'आर' दोनदा लिहिला जातो. परीक्षेत येथे हमखास गुण जातात.

'लोद' आणि 'लोथ' हे एकच आहेत का?

दोन्ही एकाच कुळातले आहेत, पण काम वेगळे करतात. 'लोद' हे क्रियापद आहे, त्याच्या शेवटी 'ई' लिहितात आणि शेवटचा उच्चार मराठी 'द'च्या जवळ जातो. 'लोथ' हे विशेषण आहे, त्याच्या शेवटी 'ई' नसते आणि त्याचा अर्थ 'नाखूश, राजी नसलेला' एवढाच आहे. 'आय अ‍ॅम लोथ टू साइन' म्हणजे 'सही करायला माझे मन घेत नाही'. त्यात तिटकारा शोधू नये.

'डिस्पाइज', 'कंटेम्प्ट', 'स्कॉर्न' आणि 'डिसडेन' यांचा अर्थ 'द्वेष' असा करावा का?

करू नये. द्वेषात समोरच्याला आपल्या बरोबरीचा किंवा आपल्याहून बलवान मानलेले असते, म्हणून तर तो डोळ्यांत खुपतो. तुच्छतेत त्याला खालच्या पायरीवर ठेवलेले असते. 'डिस्पाइज'च्या लॅटिन मुळाचा अर्थच 'खाली पाहणे' असा आहे. त्यातील 'पाहणे' दाखवणारे पद आणि संस्कृतमधील 'पश्यति' एकाच मुळातून निघाले आहेत. मराठीतील 'तुच्छ लेखणे', 'कस्पटासमान मानणे' आणि 'नजरेतून उतरणे' हे वाक्प्रचार 'डिस्पाइज'साठी 'द्वेष करणे' यापेक्षा कितीतरी अचूक आहेत.

'कंटेम्प्ट' हे त्या भावनेचे नाम आहे आणि त्या अर्थाने त्यापुढे बहुतेक वेळा 'फॉर' येतो. 'स्कॉर्न'मध्ये ती भावना बाहेर पडते, म्हणजे हेटाळणीचे बोलणे, उपहासाचे हसणे. 'डिसडेन' मात्र बोलत नाही. ज्याला आपण योग्यतेचाच मानत नाही त्याच्याकडे दुर्लक्ष करणे, नाक मुरडून पुढे जाणे, हा त्याचा स्वभाव आहे. कथेचा किंवा चरित्राचा अनुवाद करताना हा भेद सांभाळला नाही, तर अबोल तुच्छता दाखवणारे पात्र मराठीत उगाच भांडखोर दिसू लागते.

'रिझेंट'साठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

या सर्व शब्दांत मराठी माणसाने सर्वांत आधी शिकावा असा शब्द कोणता, असे विचारले तर मी 'रिझेंट'चे नाव घेईन. आपल्याकडे ही भावना भरपूर आहे आणि तिच्यासाठी इंग्रजी लिहिताना मात्र आपण नेहमी 'अँग्री' किंवा 'हेट' यांवर भागवतो.

फ्रेंचमधून आलेल्या या शब्दात 'पुन्हा जाणवणे, तीव्रतेने जाणवणे' अशी कल्पना आहे. झालेला अन्याय, डावलले जाणे, अपमान हे घडून गेलेले असते, पण ते मनात राहते आणि आठवण झाली की पुन्हा टोचते. मराठीत याला 'सल' म्हणतात. 'मनात सलत राहणे', 'मनात अढी बसणे', 'ती गोष्ट त्याला लागली' हे सर्व 'रिझेंट'च्या आवाक्यात येतात. कनिष्ठ सहकाऱ्याला आपल्याआधी बढती मिळाली असेल, तर 'आय हेट हिम' हे बहुधा खरे नसते. 'आय रिझेंटेड बीइंग पास्ड ओव्हर', म्हणजे 'मला डावलले गेले याचा सल मनात राहिला', हे खरे असते. या वाक्यात रोख निर्णयावर राहतो, सहकाऱ्यावर जात नाही, आणि म्हणूनच ते कार्यालयातही लिहिता येते.

उच्चाराकडेही लक्ष द्यावे. 'रिझेंट'मध्ये आघात दुसऱ्या अक्षरावर आहे आणि मधला उच्चार 'झ' आहे. तो 'रीसंट' असा केला तर ऐकणाऱ्याला 'अलीकडचा' हा अर्थ कळतो.

'डिसगस्ट' म्हणजे राग की किळस?

मुळात किळस. 'चव' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो बनला आहे. चार्ल्स डार्विन यांनी भावनांच्या आविष्कारावर 1872 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या भावनेचा उगम चवीशीच जोडला आहे, आणि तेथे एक प्रसंग दिला आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील टिएरा डेल फुएगो येथे ते थंड, टिकवलेले मांस खात असताना एका स्थानिक माणसाने त्याला बोट लावून पाहिले आणि त्याच्या मऊपणाची त्या माणसाला उघड किळस आली. इकडे त्या माणसाचे हात अस्वच्छ दिसत नव्हते, तरी त्याने आपल्या अन्नाला स्पर्श केला म्हणून डार्विन यांना किळस आली. एकाच मांसाच्या तुकड्यावर दोन माणसांना दोन कारणांनी आलेली ही किळस शब्दकोशातल्या व्याख्येपेक्षा अधिक शिकवते. डार्विन यांना आलेल्या किळशीचा चवीशी काही संबंध नव्हता. आपल्या समाजात स्पर्शाच्या किळशीचा जो दीर्घ आणि लज्जास्पद इतिहास आहे तो आठवला, तर ही भावना वाटते तितकी निसर्गदत्त नसते हे लगेच पटते.

आपल्या काव्यशास्त्रात भरतमुनींनी बीभत्स रसाचा स्थायीभाव म्हणून 'जुगुप्सा' सांगितली आहे. 'डिसगस्ट'चा तिच्याहून जवळचा संस्कृत प्रतिशब्द मला माहीत नाही. आधुनिक इंग्रजीत मात्र हा शब्द नैतिक संतापापर्यंत पसरला आहे. 'आय अ‍ॅम डिसगस्टेड विथ द कमिटी' यात 'समितीच्या वागण्याची मला चीड आली आहे' हा अर्थ असतो. 'डिसगस्टेड' म्हणजे किळस आलेला आणि 'डिसगस्टिंग' म्हणजे किळस आणणारा, हा फरक विसरून 'आय अ‍ॅम डिसगस्टिंग' असे लिहिले तर आपण स्वतःलाच किळसवाणे ठरवतो.

'अबॉमिनेट' वापरावा का?

वाचताना ओळखता यावा, लिहिताना टाळावा. 'अशुभ शकुन मानून दूर सारणे' हा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजी बायबलमुळे 'अबॉमिनेशन' हे नाम ओळखीचे राहिले. हिमालयातील यतीला 'अबॉमिनेबल स्नोमॅन' हे नाव 1921 मध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रात लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांनी एव्हरेस्ट मोहिमेच्या बातमीत एका तिबेटी शब्दाचा सदोष अनुवाद करताना दिले, आणि त्या नावामुळे हे विशेषण घरोघरी पोहोचले.

या क्रियापदांपुढे 'इंग' येते की 'टू'?

'हेट'पुढे दोन्ही चालतात. 'आय हेट वेटिंग' आणि 'आय हेट टू वेट' दोन्ही शुद्ध आहेत, मात्र 'वुड' आला की 'टू' घ्यावा: 'आय वुड हेट टू लूज यू'. 'डिसलाइक', 'डिटेस्ट', 'लोद' आणि 'रिझेंट' यांच्यापुढे 'इंग'चे रूपच वापरावे. बोलीतील 'कान्ट स्टँड' यालाही तोच नियम लागतो, तर 'कान्ट बेअर'पुढे दोन्ही रूपे येतात.

'आय अ‍ॅम हेटिंग धिस' असे म्हणणे चूक आहे का?

ही क्रियापदे मनाची स्थिती सांगतात, त्यामुळे औपचारिक लेखनात ती चालू काळात वापरत नाहीत. 'मला राग येत आहे' या मराठी घडणीचा प्रभाव म्हणून आपल्याकडे ही रूपे जास्त दिसतात. बोलताना, चालू असलेल्या अनुभवाबद्दल, 'आय अ‍ॅम हेटिंग एव्हरी मिनिट ऑफ इट' असे इंग्रज माणूसही म्हणतो. 'आय अ‍ॅम हॅव्हिंग हेट्रेड फॉर हिम' हे मात्र कोठेच चालत नाही.

'व्हेरी हेट' म्हणता येईल का? तीव्रता कशी वाढवावी?

'व्हेरी' क्रियापदाला थेट लागत नाही. 'रिअली हेट', 'स्ट्राँगली डिसलाइक', 'अ‍ॅब्सोल्यूटली लोद' आणि 'अटर्ली डिस्पाइज' या जोड्या इंग्रजीत मुरलेल्या आहेत. 'कॉर्डिअली डिसलाइक' ही जोडी वाचून अनेक जण गोंधळतात, कारण 'कॉर्डिअल' म्हणजे स्नेहपूर्ण असे आपण शिकलेले असतो. त्या शब्दाच्या मुळाशी 'हृदय' आहे, म्हणून येथे अर्थ 'अगदी मनापासून नावडणे' असा होतो.

नामांपुढे कोणते शब्दयोगी वापरावेत?

'हेट्रेड'पुढे 'ऑफ' किंवा 'फॉर', 'कंटेम्प्ट'पुढे 'फॉर', 'डिसगस्ट'पुढे 'अ‍ॅट' किंवा 'विथ', 'अव्हर्जन'पुढे 'टू', 'हॉस्टिलिटी'पुढे 'टू' किंवा 'टुवर्ड्स'. 'अव्हर्स' म्हणजे नाखूश आणि 'अ‍ॅडव्हर्स' म्हणजे प्रतिकूल. हे दोन शब्द मुद्रितशोधकांच्या नजरेतूनही सुटतात. तसेच 'कंटेम्प्टिबल' म्हणजे तुच्छ लेखण्याजोगा आणि 'कंटेम्प्चुअस' म्हणजे तुच्छ लेखणारा, त्यामुळे त्यांची अदलाबदल झाली तर अपमान करणारा आणि अपमान झालेला यांच्या जागाच बदलतात.

एवढ्या बारकाव्यांनी प्रत्यक्षात काही फरक पडतो का?

पडतो, आणि तो महाराष्ट्राच्या इतिहासात पडलेला आहे.

भारतीय दंड संहितेत 1870 मध्ये राजद्रोहाचे कलम 124 अ घालण्यात आले. त्यातील मध्यवर्ती शब्द होता 'डिसअफेक्शन'. या शब्दाचा इंग्रजीतला रूढ अर्थ राज्यसत्तेविषयीची बेइमानी, निष्ठा सुटणे असा होता. परंतु 1891 मध्ये कलकत्त्यातील 'बंगबासी' पत्रावरील खटल्यात मुख्य न्यायाधीश पेथेरम यांनी त्याचा अर्थ 'प्रेमाच्या विरुद्ध भावना, म्हणजेच नावड किंवा द्वेष' असा लावला. 1897 मध्ये 'केसरी'तील मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी हा धागा आणखी ताणला. 'डिसअफेक्शन' म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव, असे त्यांनी ज्यूरीला सांगितले, आणि त्यात 'हेट्रेड', 'एन्मिटी', 'डिसलाइक', 'हॉस्टिलिटी', 'कंटेम्प्ट' आणि सरकारबद्दलचा प्रत्येक प्रकारचा आकस येतो असेही सांगितले.

ही यादी सावकाश वाचावी. त्यात द्वेष आहे, वैर आहे, तुच्छता आहे आणि त्यांच्याच रांगेत साधी नावडही उभी केली आहे. ज्या शब्दांमध्ये इंग्रजी भाषेने शतकानुशतके भेद जपला ते सगळे एका गुन्ह्याच्या नावाखाली सपाट झाले. सरकार न आवडणे आणि सरकार उलथून टाकायला निघणे यांमधले अंतर ज्यूरीपुढे उरले नाही. सहा युरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष म्हटले, आणि बहुमतानुसार अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, कलमाची भाषा बदलण्यात आली. सरकारबद्दल 'हेट्रेड ऑर कंटेम्प्ट' निर्माण करणे असे शब्द त्यात घालण्यात आले आणि 'डिसअफेक्शन'मध्ये बेइमानी व वैराच्या सर्व भावना येतात असे स्पष्टीकरण जोडण्यात आले. सरकारी धोरणाबद्दल नापसंती दाखवण्यासाठी मात्र 'डिसअ‍ॅप्रोबेशन' हा वेगळा शब्द ठेवला होता, आणि ती नापसंती वरील भावना न चेतवता व्यक्त केली तर गुन्हा ठरत नव्हती. 1908 च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतः बाजू मांडताना 'केसरी'तील मराठी लेखांच्या सरकारी इंग्रजी अनुवादावर सविस्तर आक्षेप घेतले, कारण मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द लावला जातो यावर लेखाचा सूर आणि लेखकाचे भवितव्य दोन्ही अवलंबून होते. त्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. 1922 मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात महात्मा गांधींनी 'डिसअफेक्शन' याच शब्दावर बोट ठेवले आणि प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही, असे न्यायाधीशांना सांगितले.

सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये या कलमाचा वापर स्थगित ठेवला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता यांना धोका आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम 152 आले आणि त्यात 'हेट्रेड', 'कंटेम्प्ट', 'डिसअफेक्शन' हे तिन्ही शब्द राहिले नाहीत. अनुवादक आणि पत्रकार यांनी टिळकांवरील हे दोन्ही खटले भाषेचा पाठ म्हणून अवश्य वाचावेत.

'कंटेम्प्ट ऑफ कोर्ट' आणि 'हेट स्पीच' यांत हेच शब्द याच अर्थाने आले आहेत का?

पहिल्यात नाही. 'कंटेम्प्ट ऑफ कोर्ट' म्हणजे न्यायालयाचा अवमान. 1971 च्या कायद्यानुसार त्याचे दिवाणी आणि फौजदारी असे दोन प्रकार आहेत. न्यायालयाचा आदेश हेतुपुरस्सर न पाळणे हा दिवाणी अवमान आहे, मग तो न पाळणाऱ्याच्या मनात न्यायालयाबद्दल तुच्छता असो वा नसो.

'हेट स्पीच'मध्ये 'हेट' त्याच्या सर्वांत जड अर्थाने येतो. एखाद्या समूहाबद्दल द्वेष पसरवणारे बोलणे त्यात अभिप्रेत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 मध्ये, म्हणजे पूर्वीच्या 153 अ मध्ये, समूहांमध्ये वैर, द्वेष आणि दुर्भाव वाढवण्याचा उल्लेख आहे. समाजमाध्यमांवर ज्याला-त्याला 'हेटर' म्हणण्याची पद्धत पडली आहे. नाटक आवडले नाही असे लिहिणारा प्रेक्षक 'हेटर' नसतो, आणि त्याला तसे म्हटल्याने खऱ्या द्वेषाची तक्रार करणाऱ्याचा शब्द बोथट होतो, असे मला वाटते.

'वीट येणे', 'पाण्यात पाहणे', 'डोक्यात जाणे' यांचा इंग्रजीत अनुवाद कसा करावा?

मराठीत ही भावना बहुतेक वेळा माणसाकडे चालून येते: मला वीट येतो, मला किळस वाटते, मला त्याचा तिटकारा आहे. इंग्रजीत माणूस कर्ता होऊन ती क्रिया करतो. त्यामुळे अनुवादात कर्त्याची जागा बदलावी लागते, आणि ती बदलताना वाक्य मूळच्यापेक्षा आक्रमक होणार नाही हे पाहावे लागते.

'वीट येणे' यात एकेकाळी आवडलेली किंवा निदान चालणारी गोष्ट अतिपरिचयाने नकोशी होते, म्हणून 'हेट' येथे चुकतो आणि 'सिक ऑफ' किंवा 'फेड अप विथ' बरोबर बसतो. 'पाण्यात पाहणे' म्हणजे मनातून द्वेष करणे, बऱ्याचदा मत्सराने आणि समोर गोड वागून. त्यासाठी एक क्रियापद अपुरे पडते, 'सीक्रेटली रिझेंट' किंवा 'बेअर इल विल' असे काही योजावे लागते. 'तो माझ्या डोक्यात जातो' हे आजच्या बोलीतले वाक्य 'आय कान्ट स्टँड हिम' याने नेमके उतरते. 'तोंडही पाहावेसे वाटत नाही' यासाठी 'कान्ट स्टँड द साइट ऑफ हिम' असा जवळजवळ समांतर प्रयोग तयार आहे.

'घृणा'बाबत सावध राहावे. आजच्या मराठीत तिचा अर्थ किळसमिश्रित तिरस्कार असा आहे, परंतु संस्कृतमध्ये हा शब्द करुणा, दया या अर्थानेही येतो. जुन्या संस्कृत मजकुराचा इंग्रजी अनुवाद करताना सवयीने 'डिसगस्ट' लिहिले तर दयाळू राजा किळस करणारा होऊन बसतो.

कार्यालयीन पत्रात किंवा मुलाखतीत तीव्र नावड कशी मांडावी?

ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत नावड थेट सांगण्यापेक्षा आवड नाकारण्याची रीत आहे. 'आय अ‍ॅम नॉट कीन ऑन इट', 'आय अ‍ॅम नॉट फाँड ऑफ इट', 'इट इज नॉट माय कप ऑफ टी' ही वाक्ये वरून मवाळ दिसतात, पण वरिष्ठ व्यक्तीने ती एखाद्या प्रस्तावाबद्दल उच्चारली असतील तर प्रस्ताव जवळपास फेटाळला गेला असे समजावे. परदेशी ग्राहकांशी काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या तरुणांना ही गोष्ट फार उशिरा कळते आणि ते 'थोडी सुधारणा हवी आहे' एवढाच अर्थ घेऊन त्याच प्रस्तावावर आठवडाभर राबत बसतात.

मुलाखतीत आधीची नोकरी का सोडली असे विचारल्यावर 'आय हेटेड माय बॉस' हे उत्तर खरे असले तरी देऊ नये. व्यक्तीवरून परिस्थितीवर यावे आणि भावनेवरून कारणावर यावे: 'आय वॉज अनकम्फर्टेबल विथ द वे डिसिजन्स वेअर मेड'. लेखी तक्रार करायची असेल तर भावनेचे क्रियापद एकदाच आणि तेही 'ऑब्जेक्ट टू' या स्वरूपात योजावे, कारण 'ऑब्जेक्ट'मध्ये नावड आणि हरकत दोन्ही येतात आणि समोरच्याला त्यावर उत्तर द्यावेच लागते. त्यातील 'टू'पुढे नाम किंवा 'इंग'चे रूप येते, हे विसरून 'ऑब्जेक्ट टू पे' असे लिहिलेली पत्रे अजूनही पुष्कळ दिसतात. ते 'ऑब्जेक्ट टू पेइंग' असे हवे.